टोपी म्हंजे पदरच

"तिला म्हणावं, गाल फुगवू नको. वारा गालात न्हाई, पोटात भरायचा," मामंजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले.

"गाल फुगवू नको म्हणत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

मी गाल आत घेतले आणि पुन्हा फुंकलं. हातातल्या शिकाऊ बासरीतून बदकाच्या पिल्लाचा आवाज निघाला.

"तिला म्हणावं, खालचं बोट सुटलं."

"खालचं बोट सुटलं म्हणत्यात."

आम्ही तिघंही एकाच सोप्यात बसलो होतो, चार हातांच्या आत. मामंजी बाजेवर, मी खांबाच्या आडोशाला डोक्यावर पदर घेऊन, आणि मधे उंबऱ्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप घेऊन. मामंजींचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. पण निकमांच्या वाडीत सून सासऱ्याशी बोलत नसे, सासरा सुनेशी बोलत नसे. त्यामुळं प्रत्येक सूचना आत्याबाईंच्या तोंडून फिरून यायची आणि मगच माझ्यापर्यंत पोचली असं धरलं जायचं.

हे अठ्ठ्याहत्तर साल. मी वीस वर्षांची होते, लग्नाला चौदा महिने झालेले. नवरा हिंदुराव पलटणीत ड्रायव्हर, सरहद्दीवर. मामंजी, म्हणजे पाइप हवालदार बयाजी निकम, चोवीस वर्षं पलटणीत बॅगपाईप वाजवून रिटायर झालेले.

मला काहीही मोजायची खोड आहे. माझे वडील बाजार समितीत वजनकाट्यावर होते, तिथून ती आली असावी. सासरी आल्यावर करमेना, म्हणून मी पहिल्या महिन्यात सहज मोजलं: मामंजी आत्याबाईंशी दिवसाला चार वाक्यं बोलत. 'वाढ.' 'शेळी बांधली का?' 'पाऊस येईल.' 'दिवा काढ.' पाचवं वाक्य आलं तर समजायचं की कुणीतरी वारलंय. बिचाऱ्यांना सवयच नव्हती. वर्षाला दोन महिने रजेवर येणारा नवरा आणि त्या दोन महिन्यांत घरभर पाहुणे, बोलायचं कधी?

शिकवणी सुरू झाली आणि चाराची एकशेतीस झाली. ती सगळी वाक्यं माझ्यासाठी असली तरी जात होती आत्याबाईंच्या कानातून. आठवड्याभरात मी पाहिलं, आत्याबाई शेंगा फोडायला बसताना धुवट लुगडं नेसू लागल्या होत्या.

शिकवणीचं कारण घडलं सव्वीस जानेवारीला. आमच्या वाडीत सात पेन्शनर बँडवाले होते. दरवर्षी तालुक्याच्या झेंडावंदनाला तेच वाजवायचे. त्या वर्षी ऐन सलामीला दोघांना धाप लागली, आणि तिसऱ्याची कवळी फुंकणीसकट बाहेर आली. तहसीलदारांनी रुमाल तोंडावर धरला. मामंजी घरी आले ते थेट बाजेवर आडवे झाले. दिवसाची चारही वाक्यं त्यांनी वापरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी लाकडं ओली होती. मी चुलीत फुंकणी घालून एका दमात जाळ केला. बाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

"आत कोण फुंकतंय?"

"सून," आत्याबाई म्हणाल्या.

"पुन्हा फुंक म्हणावं."

"पुन्हा फुंक म्हणत्यात."

मी फुंकलं. बाहेर मामंजी मनगटावरच्या घड्याळात बघत होते. "बावीस सेकंद," ते म्हणाले. मग पलटणीत सुभेदारापुढं म्हणावं तसं मोठ्यानं, "शाब्बास!" आत्याबाईंनी ते मला सांगितलं नाही. स्वतःकडंच ठेवलं.

तर अशी फुंकणीवर तयार झालेल्या सुनांची भरती झाली. आमच्या भावकीतल्या सात जणी. पाच पाईपांवर, दोघी ढोलांवर. पेन्शनरांनी आपापली वाद्यं दिली, आणि मामंजींनी ट्रंक उघडून सात टोप्या काढल्या.

ती टोपी मी तोवर फक्त त्यांच्या फोटोत पाहिली होती. ग्लेनगॅरी. दूर कुठल्या स्कॉटलंडच्या डोंगरातल्या शिपायांची, गोऱ्यांच्या काळात आपल्या पलटणींत आलेली. जाड काळी लोकर, दोन्ही टोकांना निमुळती, मधे चिमटलेली. वाडीत तिला होडीटोपी म्हणत. कडेनं लाल-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी, माथ्यावर लाल गोंडा, डाव्या अंगाला बिल्ला, आणि मागं मानेवर लोंबणाऱ्या दोन काळ्या फिती.

मागं, हे आता कळतं. तेव्हा आमच्यातल्या कुसुमनं टोपी घातली ती फिती पुढं घेऊन, दोन डोळ्यांवर दोन. मुंडावळ्याच त्या; आम्हां सगळ्यांना बरोबर वाटलं. सहा जणींनी तिचं बघून तशाच घातल्या. मामंजी अंगणात आले, आणि सात नवरदेव रांगेत उभे बघून एकदम गोठ्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"अजून काही म्हणत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "हसत्यात. मी बी लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच बघतीय."

पण टोपी म्हटली की पदर आला. टोपी पदरावर बसेना. बसली तर अशी दिसे की गाठोड्यावर होडी उलटलीय. पदर काढावा तर सासऱ्यासमोर डोकं उघडं. आणि इथं तर सासराच मास्तर.

तिसऱ्याच दिवशी शिदूनाना आले. भावकीतले थोरले, कुसुमचे सासरे. बांधाच्या भांडणावरून त्यांचं आणि मामंजींचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. त्यामुळं तेही ओट्यावर बसून आत्याबाईंशीच बोलत.

"हौसाबाई, गावात काय चाललंय हे? सुना बोडक्या डोक्यानं नाचणार?"

"नाचणार न्हाईत, वाजवणार हायेत."

"पदराचं काय?"

मामंजी मागच्या दारी पाईपाच्या पिशवीला तेल लावत होते. आत्याबाई उठल्या, आत गेल्या, आणि पाणी प्यायला लागावा तेवढ्या वेळात परत आल्या.

"टोपी म्हंजे पदरच, म्हणत्यात. डोकं झाकल्याशी मतलब."

"असं बयाजी म्हणाला?"

"जाऊन विचारा की."

नाना जाऊन विचारणार नव्हते, हे त्यांना, आत्याबाईंना आणि सोप्यात खांबाआड उभ्या असलेल्या मलाही माहीत होतं. त्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. "ठीक. त्याच्या सुनेचा मान त्यानं ठरवावा. पर माझंबी ऐका. पंधरा ऑगस्टला समदा तालुका असतोय. चारचौघांत, सासऱ्यादेखत, एकीचं बी डोकं उघडं पडलं, तर त्याच दिवशी बँड बंद. पाईप माळ्यावर आणि सुना चुलीवर."

म्हणजे सौदा सरळ होता: टोपी डोक्यावर तोवर बँड.

एप्रिल-मे आम्ही खळ्यावर सराव केला. त्या उन्हात ती लोकर डोक्यावर म्हणजे तापला तवाच. घाम कपाळाच्या पट्टीत मुरायचा आणि चौकड्यांचा लाल रंग भुवयांवर उतरायचा. सात जणी कुंकू सांडल्यासारख्या घरी जायच्या. जूनमध्ये पठारावर गेलो तर वारं असं, की बिल्ल्याची बाजू वाऱ्याकडं ठेवून तिरकं चालायला शिकावं लागलं. मग धुकं सुरू झालं. पहाटे घरून निघताना काळी असलेली टोपी पठारावर पोचेपर्यंत पांढरी व्हायची, एकेका केसावर एकेक थेंब. आतून मात्र ऊब. ओल्या मेंढराचा वास यायचा, पण कान गरम राहायचे. त्या धुक्यात समोरचं माणूस दिसायचं नाही. नुसते सात लाल गोंडे पुढं सरकताना दिसायचे आणि त्यांच्या खालून पाईपांचा आवाज यायचा. मला त्या दिवसांत झोप म्हणून यायची नाही. कधी एकदा उजाडतंय आणि छाती भरून फुंकतेय असं व्हायचं.

चुलीपुढंसुद्धा टोपी घालून बसायचा हुकूम होता. "सवय व्हायला पायजे, म्हणत्यात," असं आत्याबाईंनी सांगितलं. मी भाकरी थापायचे, फिती मानेवर हलायच्या, आणि आत्याबाई समोर बसून टक लावून बघायच्या.

"काय बघताय?"

"कुठं काय. जाळ बघतीय."

चौदा ऑगस्टला दुपारी आमची शेवटची तालीम झाली ती मुसळधार पावसात. टोप्या पार लोळागोळा झाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "तुझी दे हिकडं. पुढं उभी ऱ्हाणार तू. तुझी मी करून ठेवते."

संध्याकाळी मी शेळीला पाला घालून आले तर माझी टोपी खुंटीवर. कडक, ताठ, धार आलेली. बोटानं वाजवली तर पत्र्यासारखी वाजली.

"आत्याबाई, हिला काय केलंत?"

"खळ दिली. तांदळाची. वर निखाऱ्याचा तांब्या फिरवला." त्यांचा चेहरा उजळला होता. "तुझ्या मामेसासऱ्यांच्या समद्या पांढऱ्या टोप्या मीच करत हुते. कुणाच्या बापाला अशी धार जमायची न्हाई."

लोकरीला खळ! मी टोपी घालून बघितली. इतके महिने माझ्या डोक्याच्या आकारात बसलेली ती, आता नुसती वर टेकली. पिना घालायला गेले तर पिना वाकल्या. पण आत्याबाई अशा काही बघत होत्या, की मी म्हणाले, "झकास झालीय."

माझ्या हिशेबात मी केलेल्या चुकांत ही पहिल्या पाचात येते.

पंधरा ऑगस्ट. तहसील कचेरीचं मैदान, चारी बाजूंनी माणूस. एका कडेला खुर्च्या, त्यात भावकीच्या वतीनं शिदूनाना, काठी दोन गुडघ्यांमधे. दोराच्या मागं बायका, त्यांत आत्याबाई सगळ्यांत पुढं, दोराला पोट लावून. आम्ही पांढऱ्या साड्या नेसलो होतो, पदर छातीवरून घेऊन कमरेला घट्ट खोचलेला. पुढं मामंजी, हातात दांडा, छाती अशी की बिल्ले आडवे झालेले.

दांडा उठला. ढोल पडला. पाचही पाईप एकदम बोलले आणि मैदान गप झालं.

मी अजूनही सांगते, तसा आवाज मी पुन्हा काढला नाही. पावलं आपोआप पडत होती. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्या तर बाया हायेत!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही मैदान ओलांडून झेंड्यासमोर आलो, अर्धगोलात उभ्या राहिलो. मामंजी गर्रकन वळून आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. आता उभ्यानं एक चाल, मग सलामी, की झालं.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली.

पहिली दोन मिनिटं काही नाही. मग कपाळावरून काहीतरी कोमट, चिकट ओघळू लागलं. खळ विरघळत होती. एक ओघळ नाकाच्या शेंड्यावर थांबला, दुसरा उजव्या डोळ्यात गेला. दोन्ही हात भोकांवर, डावं कोपर पिशवीवर, तोंडात नळी, पुसणार कशानं? मी मान जराशी झटकली. एवढीशीच. आणि त्याच क्षणी कचेरीच्या कोपऱ्यावरून वाऱ्याचा झोत आला.

टोपी पडली नाही. उडाली. होडीसारखी तरंगत मामंजींच्या डोक्यावरून गेली आणि तहसीलदारांच्या पायाशी उतरली.

मी उघड्या डोक्यानं सासऱ्यासमोर उभी. अख्खा तालुका बघतोय.

मामंजींनी जे प्रत्येक सासऱ्यानं करावं तेच केलं: मान फिरवली. दांडा हवेत तसाच राहिला. दांडा थांबला तसा ढोल चुकला, ढोल चुकला तसे पाईप एकेक करून रडवेले झाले. मला नानांची खुर्ची सरकल्याचं दिसलं. ते उठत होते. काठी वर होत होती. माझी बोटं पाईपावरून सुटली, हात कमरेला खोचलेल्या पदराकडं निघाला. एकदा तो हात पदराला लागला असता, की सातही पाईप-ढोल माळ्यावर गेले असते.

"शाले!"

दोराकडून माझ्या नावानं हाक आली. आत्याबाईंचा आवाज. हाक मारली की डोंगरावरची गुरं परत यावीत असा.

"हात काढू नको! वाजव! वाजव म्हणत्यात!"

नाना अर्धे उठलेले, तसेच थांबले. ज्याच्या मानाचा पदर, तोच वाजव म्हणत असेल तर दुसऱ्यानं काय बोलायचं? त्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींचं तोंड अजून पलीकडं होतं. पण दांडा हलला. एकदा, दोनदा.

मी बोटं भोकांवर ठेवली, पोटात वारा भरला आणि फुंकलं. कुसुमनं ढोलावर असा घाव घातला की तो तिच्या सासऱ्यांना छातीत लागला असेल. बाकीच्या मागून आल्या. डोळ्यात खळ, केस सुटून तोंडावर, वर पाऊस; आम्ही चाल पुरी केली, आणि सलामीला तहसीलदार उठून उभे राहिले ते हातात माझी टोपी धरूनच.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही तिघं शेडखाली उभे होतो. बाकीच्या पलीकडं भज्यांच्या गाड्यावर. मला राहवेना.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, त्यांनी 'वाजव' म्हटलं म्हणून धीर आला."

मामंजी वेळापत्रकाच्या पाटीकडं बघत म्हणाले, "मी कुठं काय म्हणालो?"

आत्याबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"नव्हते म्हणाले?" मी आत्याबाईंना हळूच विचारलं.

"गाडीला उशीर हाय वाटतं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी पान खायला टपरीकडं गेले, तशी मी आत्याबाईंना शेडच्या कोपऱ्यात गाठलं.

"आणि 'टोपी म्हंजे पदरच', ते?"

आत्याबाईंनी पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.

"आत्याबाई!"

"ते माझं," त्या म्हणाल्या. "आत गेले, रांजणातलं पाणी प्यायले, भाईर आले."

"चुलीपुढं टोपी घालायची, ते?"

"ते बी माझं. बरी दिसायचीस."

"पठारावर सराव?"

"ते त्यांचं. एवढं कुणी चालवंल?" मग जरा थांबून, "सातवीतल्या पोरीसारखं तोंड करू नको. तू इचारलं असतंस तर ते न्हाई म्हणाले असते. न्हाई म्हटल्यावर मग काय करायचं? म्हणून इचारलंच न्हाई."

माझा एकशेतीसचा हिशेब कोसळला. माझ्या कानाआड झालेल्या 'म्हणत्यात'मधले मामंजींचे किती आणि आत्याबाईंचे किती, हे मी आजपर्यंत लावू शकलेले नाही.

घरी पोचलो, चहा टाकला, आणि उजेड असतानाच शिदूनाना आले. मात्र ओट्यावर बसले नाहीत. सरळ सोप्यात आले, मामंजींच्या बाजेसमोर उभे राहिले. सहा वर्षांनी.

"बयाजी."

मामंजींनी वर बघितलं.

"हौसाबाईला न्हाई, तुला इचारतोय. भावकी मला इचारणार, मला उत्तर पायजे. सून बोडक्या डोक्यानं उभी हुती, तवा तू 'वाजव' म्हणालास का?"

मी खांबाआड होते, डोक्यावर पदर. आत्याबाई उंबऱ्यावर. त्यांच्या हातात नानांसाठी चहाची कपबशी होती. मामंजी खोटं बोलत नसत. पलटणीत एकदा साहेबासमोर खरं बोलून त्यांनी हुद्द्याची एक फीत घालवली होती, हे वाडीत पोरासोरांना माहीत. 'न्हाई' म्हणाले तर बँड संपला. वर आत्याबाई सगळ्या भावकीत खोट्या पडल्या. 'व्हय' म्हणाले तर ते मामंजी राहिले नाहीत.

मामंजींनी आत्याबाईंकडं बघितलं.  

मग ते बाजेवरून उठले. कोपऱ्यातला माझा पाईप उचलला, फडक्यानं पुसला. तीन पावलं चालत खांबापाशी आले आणि माझ्या डोळ्यांत बघून, जन्मात पहिल्यांदा, म्हणाले,

"सूनबाई, वाजव."

पाईप माझ्या हातात देऊन ते नानांकडं वळले. "आता म्हणालो. ऐकलंस का?"

नानांनी काठी भिंतीला लावली. इकडंतिकडं बघितलं, आणि बसायला बाजेची एक कड मोकळी होती, तिथं टेकले.

मी पाईप खांद्याला लावला. पदर मागं घसरला. दोन्ही हात गुंतलेले. मी पिशवी भरायला सुरुवात केली. आत्याबाईंनी कपबशी नानांपुढं ठेवली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या.

"जोरात वाजव," त्या म्हणाल्या. "खालच्या आळीपर्यंत जाऊ दे."

मी सवयीनं पुढचा 'म्हणत्यात' हा शब्द यायची वाट बघत थांबले. तो आला नाही.